पदक एकाला, पाहुणचार सगळ्यांना

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेतल्या ज्यू किशोरांच्या 'जेसीसी मक्काबी गेम्स'वर एक छोटी चौकट दिली होती. ही उन्हाळ्यात, आठवडाभर भरणारी स्पर्धा. मुख्यतः 13 ते 16 वयाची मुलंमुली येतात आणि बाहेरगावचे खेळाडू हॉटेलात न उतरता यजमान कुटुंबांच्या घरी राहतात. चौकट बोटभर होती, पत्रं मात्र बरीच आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : मक्काबी गेम्स आणि इस्रायलमधली मक्काबिया एकच का? 'मक्काबी' म्हणजे काय? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : दोन वेगळ्या स्पर्धा आहेत, नाव मात्र एकाच माणसावरून आलं. इसवी सनापूर्वी 167च्या सुमारास सेल्युकिद ग्रीक राजवटीविरुद्ध ज्यूंनी उठाव केला. त्याचा सेनानी यहूदा मक्काबी. हनुक्काचा दिव्यांचा सण त्याच विजयाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या व्यायामशाळा आणि क्रीडासंघ ज्यूंना दारात उभे करीनासे झाले, तेव्हा ज्यूंनी स्वतःचे आखाडे काढले. 1895 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला, 1898 मध्ये बर्लिनला. त्याच 1898 साली बाझलच्या झायोनिस्ट (ज्यूंना स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणाऱ्यांच्या) परिषदेत नेते मॅक्स नॉर्डाऊ यांनी 'पीळदार ज्यूपणा'ची हाक दिली. पाठीत बाक आलेला, पुस्तकात डोकं खुपसलेला ज्यू हे चित्र पुसायचं, हा त्यामागचा विचार. पुढे 1909 मध्ये निघालेल्या व्हिएन्नाच्या 'हकोआह' क्लबनं 1925 साली ऑस्ट्रियाची फुटबॉल लीगच जिंकली. सगळ्या क्लबांची जागतिक संघटना झाली 1921 मध्ये.

मक्काबिया ही मोठ्यांची, दर चार वर्षांनी इस्रायलमध्ये भरणारी स्पर्धा. 15 ते 18 वयाचा कनिष्ठ गटही तिच्यात असतो. कल्पना योसेफ येकुतिएली यांची. पहिली मक्काबिया 1932 मध्ये तेल अवीवला झाली. तिच्या प्रचारासाठी खेळाडू मोटारसायकलवरून युरोपभर हिंडले होते. दुसरी 1935 ची. तोवर जर्मनीत हिटलर सत्तेवर आलेला होता, त्यामुळे स्पर्धेला आलेले कितीतरी खेळाडू परत गेलेच नाहीत. बल्गेरियाच्या पथकानं तर फक्त बँडची वाद्यं मायदेशी पाठवली आणि माणसं तिथेच राहिली, असं सांगतात. तिसरीसाठी 1950 उजाडलं. मार्क स्पिट्झ हा अमेरिकी जलतरणपटू 1972 च्या ऑलिंपिकमधल्या सात सुवर्णपदकांसाठी जगाला माहीत आहे. त्याची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा 1965 ची मक्काबिया. तेव्हा तो 15 वर्षांचा होता.

जेसीसी मक्काबी गेम्स त्या मानानं अलीकडची. टेनेसी राज्यातल्या मेंफिसला 1982 मध्ये सुरू झाली. जेसीसी म्हणजे ज्यूइश कम्युनिटी सेंटर. जिम, तलाव, बालवाडी, सभागृह, आजी-आजोबांचे वर्ग असं सगळं एका छपराखाली असलेली वास्तू अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत असते. स्पर्धा अशा सेंटरांभोवती उभी राहते. 2024 मध्ये ती ह्यूस्टन आणि डेट्रॉइटला झाली, 2025 मध्ये टूसॉन आणि पिट्सबर्गला. मक्काबियात निवड चाचणी देऊन जावं लागतं. इथे मध्यम वकुबाचं पोरही खेळतं, आणि ते मुद्दामच तसं ठेवलं आहे.

प्रश्न : आमच्या मराठी शाळेत पाच-सहा वर्षांची मुलं उड्या मारत येतात, बाराव्या-तेराव्या वर्षी मात्र यायची थांबतात. गणपतीला कुर्ता घालायचाही त्यांना कंटाळा. मक्काबीवाले याच वयाची मुलं आठवडाभर कशी काय बांधून ठेवतात? (एक पालक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : तुमची अडचण त्यांचीही होती. ज्यू मुलाची बार मित्झ्वा, म्हणजे धर्माच्या दृष्टीनं मोठं झाल्याचा विधी, तेराव्या वर्षी होते, मुलींची बाराव्या किंवा तेराव्या. मुंज झाली की संध्या सुटते, तसं बार मित्झ्वा झाली की सिनेगॉगची (प्रार्थनामंदिराची) रविवारची शाळा सुटते. स्पर्धेचा वयोगट नेमका त्या गळतीच्या तोंडावर बसवलेला आहे.

त्यांनी ओळखलेली गोष्ट एवढीच की या वयाच्या पोराला 'ये, तुला आपली संस्कृती शिकवतो' म्हटलं की ते पळतं, आणि 'ये, बास्केटबॉलचा संघ आहे, तुझी जर्सी तयार आहे' म्हटलं की येतं. तिथे आल्यावर तरी कोणी व्याख्यान देत नाही. आठवडाच असा लावलेला असतो की ज्यूपण अंगावरून वाहत राहतं.

साधारण क्रम असा. रविवारी पथकं पोचतात, यजमान घरं ठरतात, संध्याकाळी उद्घाटनाचं संचलन. एकेका शहराचं पथक एकाच रंगाच्या टी-शर्टात, आपल्या फलकामागून आत येतं. डेट्रॉइटमधल्या शाळेत वर्गात एकटाच ज्यू असलेल्या मुलाला शेकडो समवयस्क ज्यू एका छताखाली पहिल्यांदा दिसतात ते इथे. पुढल्या चार दिवसांचं सगळं या एका दृश्यावर उभं असतं, म्हणून त्यावर ते भरपूर खर्च करतात, आणि बरोबर करतात. सोमवार ते गुरुवार सामने. मधला अर्धा दिवस प्रत्येक संघाला मैदानाबाहेर काढून सेवाकार्याला नेतात. हे ऐच्छिक नसतं, वेळापत्रकातच असतं. दोन सामन्यांच्या मधल्या रिकाम्या वेळासाठी एक मोठी खोली राखलेली असते. तिथे इस्रायलबद्दल किंवा ज्यू इतिहासाबद्दल खेळ, कोडी, हातकाम असं काहीतरी चालू असतं. यायचं तर या, नाही तर बसा. संध्याकाळी कधी सगळ्यांची मिळून मजा, कधी यजमानाच्या घरी जेवण. गुरुवारी रात्री समारोप, शुक्रवारी परतीचा प्रवास. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, लागायच्या आत मुलं घरी.

तुमच्या मंडळानं यातून काही उचलायचं असेल तर आमचा सल्ला : वक्तृत्व आणि नाट्यछटा मैदानाला चिकटवू नका. 'दुपारी खो-खो, मग श्लोक पाठांतर' असं लिहिलंत की पोरांना गळ दिसतो. त्यापेक्षा पंच मराठीत शिट्टीनंतरचा निर्णय सांगू देत, संघांची नावं सिंहगड, तोरणा, राजगड असू देत, जेवणाच्या रांगेत वाढणारी आजी 'अजून एक पोळी घे रे' म्हणू दे. आणि निदान दोन रात्रींचा मुक्काम ठेवा. सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणारी मुलं आपल्याच गाडीतल्या मुलांशी बोलतात.

प्रश्न : आमच्या ज्ञाती मंडळाची राज्यभरातल्या मुलांची स्पर्धा यंदा आमच्याकडे आहे. मुलांना घरोघरी उतरवण्याची कल्पना आवडली, पण आजच्या काळात धास्ती वाटते. नियम काय असतात? (मंडळाचे एक पदाधिकारी, नाशिक)

उत्तर : धास्ती वाटते हे चांगलं. ती वाटत नसलेल्यांनी हे काम घेऊ नये.

त्यांचा पहिला नियम : एका घरात एकटं मूल कधीच नाही, किमान दोन. दोघं एकाच लिंगाचे, शक्यतो जवळच्या वयाचे. दुसरा : प्रत्येकाला स्वतंत्र बिछाना. 'दोघं एका दिवाणावर मावतील' चालत नाही. तिसरा : घरातल्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी आधी तपासली जाते. कॉलेजात जाणारा यजमानांचा थोरला मुलगाही प्रौढच. आपल्याकडे हे करायला लोक संकोचतात, 'आपलेच लोक आहेत, त्यांना काय विचारायचं?' म्हणून. सगळ्यांना एकच फॉर्म दिला, अध्यक्षांच्या घरापासून सुरुवात केली, की कुणाला टोचत नाही. प्रशिक्षक आणि पथकप्रमुख मात्र हॉटेलात, म्हणजे रात्री दोनला फोन आला तरी त्यांना निघता येतं.

यजमानाची कामं ठरलेली : नाश्ता, सकाळी मैदानावर सोडणं, रात्री आणणं, एक संध्याकाळ घरचं जेवण. दुपारचं आणि इतर रात्रींचं जेवण स्पर्धेकडे.

आता आकडे मांडा. समजा 200 खेळाडू, त्यांतले निम्मे गावचे. 100 पाहुणे म्हणजे दोघांप्रमाणे 50 घरं. त्यावर पाच घरं राखीव ठेवाच, कारण शेवटच्या आठवड्यात कुणाकडे डेंगी निघतो, कुणाकडे सुतक. घरं तीन महिने आधी नक्की करा. फॉर्मवर विचारायलाच हवं ते असं : कुत्रा-मांजर आहे का, शेंगदाण्याची किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी, मूल चालू असलेलं औषध स्वतः घेतं की आठवण करावी लागते, रात्री दम्याचा त्रास.

बिघडतं कुठे? चोरी-मारामारीत क्वचित. बिघडतं ते रात्री साडेनऊला मैदानाच्या फाटकाशी. चार पोरं उभी, यजमान वाहतुकीत अडकलेला, पोरांच्या फोनची बॅटरी संपलेली. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे यजमानाचे दोन आणि पथकप्रमुखाचा एक फोन नंबर छापा, आणि शेवटचं मूल जाईपर्यंत फाटकाशी नाव खोडणारा एक माणूस बसवा. दुसरा त्रास अतिप्रेमाचा. रात्री अकराला पावभाजी, मग गप्पा, मग कॅरम. सकाळी आठच्या सामन्यात पोर जांभया देतं. दहाला दिवा बंद, हे यजमानांना लेखी द्या. तिसरा जरा नाजूक : एका घरी स्वतंत्र खोली आणि गाडी, दुसरीकडे वन-रूम-किचन. मुलं तुलना करतात, ते थांबवता येत नाही. मात्र यजमानांनी भेटवस्तू द्यायच्या नाहीत एवढं ठरवलं की अर्धी तुलना मिटते.

प्रश्न : शाळांच्या आंतरतालुका स्पर्धेत दुबळा संघ पहिल्याच दिवशी 50-8 असा हरतो आणि बस पकडतो. तुमच्या चौकटीत 'रखमानुस' असा शब्द होता. तो नियम आहे की सुभाषित? (एक क्रीडाशिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही. शब्द यिद्दिशमधला, मूळ हिब्रू, अर्थ कणव. अरबीतून आपल्याकडे आलेला 'रहम' त्याच धातूचा भाऊ. मुंबईत मांडवीला 1796 पासूनचं सर्वांत जुनं सिनेगॉग आहे, त्याचं नाव शआर हारहामीम, म्हणजे दयेचं दार. तोच शब्द. मक्काबी गेम्समध्ये प्रतिस्पर्ध्याशी, पंचांशी, आपल्याच संघातल्या कच्च्या गड्याशी कसं वागायचं, ते या शब्दात येतं. त्याशिवाय सहा मूल्यं सांगतात : तिक्कुन ओलाम (जग सावरणं), कावोद (मान राखणं), रिना (आनंद), गावा (अभिमान), लेव तोव (मोकळं मन), अमिउत येहुदित (ज्यू म्हणून एकमेकांचे असणं). ती नीट पाळणाऱ्यालाही पदक मिळतं, म्हणजे 12 गुणांनी हरलेल्या संघातल्या मुलाच्या गळ्यातही काहीतरी पडू शकतं.

पण नुसत्या मूल्यांनी 50-8 थांबत नाही. ते थांबतं वेळापत्रकानं. आठ संघांची बाद फेरी घेतलीत तर एकूण सामने सात, आणि चार संघ एकेक सामना खेळून मोकळे. ज्यांना पाचशे किलोमीटरवरून आणलं त्यांना पन्नास मिनिटं खेळवून परत पाठवायचं, हा कुठला न्याय? त्याऐवजी चार-चारचे दोन गट करा. गटात सगळे सगळ्यांशी : सहा आणि सहा, बारा सामने. मग दोन्ही गटांतल्या पहिल्या-दुसऱ्यांच्या आडव्या लढती दोन, तिसऱ्या-चौथ्यांच्या दोन. शेवटी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या जागेसाठी एकेक. एकूण 20 सामने, प्रत्येक संघाला पाच. किशोरांच्या बास्केटबॉलला सराव आणि साफसफाई धरून 75 मिनिटं लागतात. एका कोर्टवर दिवसाला आठच्या वर सामने धरू नका. म्हणजे एका कोर्टवर अडीच दिवस, दोनवर सव्वा. त्या सव्वा दिवसाला मात्र भुलू नका. एका संघाला दिवसात दोनपेक्षा जास्त सामने देऊ नयेत, म्हणून पाच सामन्यांना तीन दिवस लागतातच. दुसरं कोर्ट मुलींच्या सामन्यांना द्या.

गट पाडताना ताकद आधी विचारा. प्रत्येक प्रशिक्षकानं स्वतःच्या संघाला एक ते पाच गुण द्यायचे. काही जण खोटं देतात. सगळ्यांना सोपा गट हवा असतो. म्हणून मागच्या वर्षीचे निकाल शेजारी ठेवा.

मैदानावरची आमची सूचना : 20 गुणांची आघाडी झाली की पूर्ण कोर्टभर दाबून खेळणं बंद, 30 झाली की राखीव गडी आत आणि गुणफलक गोठवा. सामना चालू राहू दे. एक पथ्य मात्र पाळा. मुद्दाम चुकीचे नेम मारणं, चेंडू टोलवत बसणं यासारखा दुसरा अपमान नाही, तेरा वर्षांच्या मुलालाही तो कळतो. जिंकणाऱ्यांना नवं काम द्या : डाव्या हातानंच ड्रिबल, किंवा पाच पास झाल्याशिवाय नेम नाही. सरावही होतो, लाजही राखली जाते.

प्रश्न : आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पूर्वी लग्नाला मांडवभर माणसं असायची, आता मुलांच्या वयाची दहाही जमत नाहीत. संघच होत नसेल तर ही स्पर्धा आमच्या काय कामाची? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : छोट्या समाजांचा प्रश्न त्यांनी 'मिश्र संघ' करून सोडवला. अकरा खेळाडू आणू न शकणाऱ्या गावांतून एक-दोन-तीन मुलं येतात आणि आयोजक त्यांचा एक संघ करतात. एकटादुकटा टेनिसपटू, टेबल टेनिसवाला, पोहणारा आपल्या पथकाच्या नावाखाली खेळतोच.

मिश्र संघ करणं म्हणजे मात्र नावांची यादी टाचणं नव्हे. रविवारी संचलनाआधी दीड तास एकत्र सराव हवाच. पहिली वीस मिनिटं चेंडू नको, नावं. गोल करून पास देताना समोरच्याचं नाव घ्यायचं. डावपेच कमीत कमी. बास्केटबॉलला 2-3 झोन बचाव (दोघं पुढे, तिघं मागे, प्रत्येकानं आपली जागा राखायची), कारण अनोळखी मुलांना माणसाला माणूस बचावातली मदत पटकन जमत नाही, फटी पडतात. आक्रमणाच्या दोनच चाली शिकवा. व्हॉलीबॉलला 4-2 पद्धत : समोरासमोर उभे दोन सेटर (चेंडू उठवून देणारे), पुढच्या रांगेतला सेट करणार. 5-1 चा, म्हणजे एकाच सेटरचा, मोह टाळा, फिरत्या जागांचा घोळ होतो आणि पंच गुण देऊन टाकतो. रिलेमध्ये पोहणारी मुलं सहसा वेगात कमी पडत नाहीत, आधीचा भिंतीला हात लावायच्या आत पुढचा उडी मारतो आणि सगळा संघ बाद होतो. त्या अदलाबदलीचे दहा-बारा प्रयत्न करून घ्या. जर्सी सगळ्यांची एकाच कापडाची. एकाची गावाकडची, दुसऱ्याची उसनी, असं झालं की संघ पोशाखातच फुटतो.

तुमच्यापुरतं बोलायचं तर मैदान तुमच्या समाजाला परकं नाही. 1969 ते 1977 या काळात दहा कसोटींत पंच म्हणून उभे राहिलेले जुडा रूबेन बेने इस्रायलच. इस्रायलमध्ये गेलेल्या मंडळींनी तर क्रिकेटच सोबत नेलं. बेअर शेवा, दिमोना, अश्दोद, लोद इथलं क्रिकेट बरंचसं भारतातून गेलेल्या कुटुंबांनी तगवलं. 1974 मध्ये इस्रायलला आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेचं सहसदस्यत्व मिळालं. मक्काबियातही क्रिकेट आहे, आणि भारतातून पथकं गेलेली आहेत. खेळाडू कमी असतील तर ठाणे, मुंबई, पुणे, अलिबाग मिळून सहा-सहा जणांचं, पाच षटकांचं क्रिकेट एका रविवारी होऊ शकतं. शनिवारी मात्र नको. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून पूर्वी कोकणात ज्यांना 'शनवारतेली' म्हणत, त्यांना हे आम्ही सांगायला नको.

प्रश्न : जेवण आणि शब्बाथ यांचं नेमकं काय सांभाळावं लागतं? आमच्या क्लबच्या निमंत्रित स्पर्धेत काही ज्यू मुलं येणार आहेत. (एक संयोजक, पुणे)

उत्तर : शुक्रवारी सूर्यास्त ते शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत सामने, प्रवास, पैशांचे व्यवहार नकोत. पाळणारी कुटुंबं कमी-जास्त काटेकोर असतात, म्हणून पालकांना विचारा. तुम्हीच ठरवून टाकू नका. शुक्रवारचा शेवटचा सामना दुपारी दोनपर्यंत संपवा. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, हे पत्रक छापताना लक्षात ठेवा.

जेवणात मांस आणि दूध एका पानात नाही. मांसाहारानंतर दुधाचं खाण्याआधी काही तास जावे लागतात. किती, ते घराण्याच्या रिवाजावर. त्यामुळे दुपारी चिकन आणि शेवटी आइस्क्रीम हा आपला लाडका बेत बाद. सामन्यानंतर दुधातला प्रोटीन शेक दिलात तर आधीच्या जेवणात मांस नको. सर्वांत सोपा मार्ग : पूर्ण शाकाहारी जेवण, गोडाला फळं. मासे चालतात, पण खवले आणि पर असलेलेच. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या नाहीत. काटेकोर पाळणाऱ्यांना तुमच्या स्वयंपाकघरातली भांडीच चालणार नाहीत. त्यांच्यासाठी बंद पाकिटातलं आणि न वापरलेल्या कागदी ताटात वाढलेलं ठेवा. कोकणातल्या बेने इस्रायल घरांनी ही गाठ केव्हाच सोडवली आहे : मटणाच्या रश्श्याला दही-साय नाही, नारळाचं दूध.

आणखी एक तारीख बघून ठेवा. तिशा बेआव हा जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन जुलै-ऑगस्टमध्ये येतो, ऐन स्पर्धांच्या हंगामात. उपास सुमारे 25 तासांचा, पाण्याचा थेंबही नाही. ज्यू पंचांगात 19 वर्षांत सात अधिक महिने धरतात, त्यामुळे इंग्रजी तारीख सरकते : 2024 मध्ये 13 ऑगस्ट, 2025 मध्ये 3 ऑगस्ट, 2026 मध्ये 23 जुलै. सुरुवात आदल्या संध्याकाळी. त्या दिवशी दुपारी उन्हात फुटबॉल ठेवलात तर उपासाचं पोर मैदानात कोसळेल, किंवा घरीच राहील.

प्रश्न : एकाच धर्माच्या मुलांची वेगळी स्पर्धा, ही जातीयताच नाही का? मुंबईत हे होऊन गेलं आहे. (एक ज्येष्ठ वाचक, दादर)

उत्तर : तुमचा रोख मुंबईतल्या जुन्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांकडे आहे. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि 1937 पासून पाचवा 'शेष' संघ, ज्यात ख्रिश्चन, ज्यू वगैरे उरलेले. विजय हजारे त्या 'शेष'कडून खेळले आणि हिंदूंविरुद्ध संघाच्या 387 पैकी 309 धावा एकट्यानं काढल्या. 1940 मध्ये गांधीजींनी या सामन्यांना विरोध केला, 1946 मध्ये ते बंद पडले. बरं झालं.

फरक मात्र बघा. तिथे मैदानाच्या दोन बाजूंना दोन समाज उभे असत आणि निकाल मोहल्ल्यात शिरत असे. मक्काबीत दोन्ही बाजूंना एकच समाज असतो. हरवायला 'ते' नसतातच. आपल्याकडच्या गावकी-भावकीच्या क्रिकेट स्पर्धा किंवा 1997 पासून कोडगूत चालणारा कोडव कुटुंबांचा हॉकी उत्सव याच जातीचे. तरीही धोका आहे, तो दाराचा. आत कोण, हे ठरवावं लागतं. परंपरेनं आई ज्यू असेल तर मूल ज्यू. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथानं 1983 मध्ये वडिलांकडूनही मान्य केलं. बेने इस्रायल समाजाला तर इस्रायलमध्ये ज्यूपण सिद्ध करायला 1964 पर्यंत झगडावं लागलं. आमच्या मते किशोरांच्या स्पर्धेनं या दाराशी कडक पहारा ठेवू नये, आलेल्याला आत घ्यावं. मक्काबियात इस्रायलचे अरब नागरिकही खेळतात, हेही लक्षात असू द्या. दुसरीकडे, मक्काबियाला झायोनिझम आणि इस्रायलमध्ये स्थायिक होण्याच्या चळवळीची जोड पहिल्यापासून आहे. ते ज्यांना पटत नाही असे ज्यू पालकही आहेत.

प्रश्न : मुलांच्या आनंदाच्या उद्घाटनात म्युनिकचं स्मरण कशाला? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : 5 आणि 6 सप्टेंबर 1972 रोजी म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायलचे 11 खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच मारले गेले. त्यांतला डेव्हिड बर्गर अमेरिकेत जन्मलेला, क्लीव्हलंडजवळ वाढलेला वेटलिफ्टर. 1969 च्या मक्काबियाला गेला आणि नंतर इस्रायलमध्येच राहिला. मक्काबी गेम्समधल्या मुलांना तो आपल्यातलाच वाटतो. ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्यांच्यासाठी मौन पाळायला टोकियोपर्यंत, म्हणजे 2021 पर्यंत वाट बघावी लागली. या मुलांच्या स्पर्धेत ते किती तरी आधीपासून दर उद्घाटनाला होतं. विधी मोजकाच ठेवतात. 13 वर्षांच्या मुलाकडून फार वेळ गंभीर राहण्याची अपेक्षा करू नये. पाच मिनिटांनंतर कुजबुज सुरू होते आणि मग स्मरणाचाच अवमान होतो.

प्रश्न : पिनांची देवघेव म्हणजे काय? फोटोत मुलांच्या गळ्यातल्या पट्ट्या बिल्ल्यांनी भरलेल्या दिसल्या. (इयत्ता आठवीची एक वाचक, सातारा)

उत्तर : प्रत्येक शहराचं पथक आपला बिल्ला बनवून घेतं आणि मुलांना मूठमूठ वाटतं. मग आठवडाभर अदलाबदल. तुझा बिल्ला मला, माझा तुला. सगळ्यांत लाजाळू मुलालासुद्धा अनोळखी मुलाशी बोलायला कारण मिळतं, म्हणून आयोजक याला उत्तेजन देतात. तुमच्या शाळेनं करायचं ठरवलं तर दोन गोष्टी. मागची टाचणी फुलपाखरी चापाची असेल तर बिल्ले पडतात आणि अनवाणी पायात जातात, रबरी बूच लावलेली घ्या. आणि प्रत्येकाला किमान दहा द्या. दोन-तीन दिले तर मुलं ते जपून ठेवतात, देत नाहीत. खेळताना पट्टी गळ्यातून काढून पिशवीत. पंचांनी सांगायच्या आधी.